कुलाबा–अलिबागची चुंबकसूची आणि सूर्याचे चुंबकीय चक्र

साष्टी बेटात जोगेश्वरीच्या लेण्यापासून थोड्याच अंतरावर कान्हेरीची लेणी आहेत. तेथील भिंतींवर कोरलेले ब्राह्मी लेख शतकानुशतके लोकांच्या डोळ्यांसमोर होते; परंतु ते वाचू शकणारा कोणी उरला नव्हता. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि त्यानंतरच या लेखांतील दाते, त्यांची गावे व त्यांची दाने इतिहासाच्या कक्षेत आली. लेख लिहिला जाणे आणि तो वाचला जाणे या दोन घटनांमध्ये किती दीर्घ काळ लोटू शकतो याचे हे उदाहरण भाषेच्या अभ्यासकास परिचित आहे. अशा प्रसंगी लेखाचे मूल्य एकाच गोष्टीवर अवलंबून राहते. वाचक येईपर्यंत तो अखंड टिकला पाहिजे.

प्रिन्सेप यांच्या वाचनानंतर चारच वर्षांनी, म्हणजे १८४१ मध्ये, मुंबईच्या दक्षिण टोकास कुलाब्याच्या वेधशाळेत एका निराळ्या लेखनास आरंभ झाला. टांगलेल्या लोहचुंबकाची दिशा व त्यावर कार्य करणारे बल ठराविक वेळी पाहावयाचे आणि तो आकडा वहीत उतरावयाचा, एवढेच त्या लेखनाचे स्वरूप होते. हे आकडे पृथ्वीच्या चुंबकत्वाविषयी आहेत अशी लिहिणाऱ्यांची समजूत होती, आणि ती चुकीचीही नव्हती. तथापि त्या आकड्यांत सूर्याच्या चुंबकत्वाचाही वृत्तान्त उतरत होता, ही गोष्ट कळण्यास पुढे दोन पिढ्या जाव्या लागल्या. सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचा इतिहास सामान्यतः १९०८ पासून, म्हणजे अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेपासून, सांगितला जातो. तोच इतिहास मुंबईच्या नोंदवह्यांच्या बाजूने पाहिला असता काय दिसते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. वेधशाळा आणि तिचे वेधकर्ते

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. ज्योतिषविषयक वेध आणि बंदरातील जहाजांसाठी अचूक कालमापन हे तिचे मूळ प्रयोजन होते. चुंबकीय वेधांची प्रेरणा बाहेरून आली. गाउस यांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे गणित मांडल्यानंतर, पृथ्वीच्या पाठीवर निरनिराळ्या ठिकाणी एकाच पद्धतीने आणि एकाच वेळी वेध घेतले जावेत असा विचार युरोपातील विद्वानांत बळावला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३९–४० च्या सुमारास तशी योजना पुढे मांडली आणि ब्रिटिश साम्राज्यात अनेक ठिकाणी चुंबकीय वेधशाळा निघाल्या. हिंदुस्थान व पूर्वेकडील प्रदेशांत शिमला, मद्रास, त्रिवेंद्रम आणि सिंगापूर ही तशी केंद्रे होती. शिमला व सिंगापूर येथील वेध काही वर्षांतच बंद पडले. मद्रास व त्रिवेंद्रम येथील वेध पुढे काही काळ चालून थांबले. कुलाब्याचे मात्र चालू राहिले. ज्या गुणामुळे या नोंदींना आज महत्त्व आहे तो गुण मुख्यतः या चिकाटीचा आहे, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली हे काम सुरू झाले. त्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम करणाऱ्यांत केरो लक्ष्मण छत्रे हे होते. पुढे पुण्यास गणिताचे प्राध्यापक म्हणून व ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ या ग्रंथाचे कर्ते म्हणून केरूनाना महाराष्ट्रास माहीत झाले. परंतु त्यांच्या उमेदीची वर्षे कुलाब्याच्या या कोरड्या वाटणाऱ्या कामात गेली होती. चुंबक तंतूने टांगलेला असे. त्याला जोडलेल्या आरशात मोजपट्टीचे प्रतिबिंब दुर्बिणीतून पाहून आकडा टिपावा लागे. चुंबकाच्या बलावर उष्णतेचा परिणाम होतो म्हणून त्याच वेळी तापमानही नोंदवावे लागे. १८४६ पासून या नोंदी सलग व नियमित स्वरूपात उपलब्ध आहेत. प्रकाशसंवेदी कागदावर आपोआप रेषा उमटविणारी यंत्रे १८७० नंतर बसविली गेली; तोपर्यंत प्रत्येक आकडा माणसाच्या डोळ्याने पाहिलेला आणि माणसाच्या हाताने लिहिलेला आहे.

२. सौरडाग आणि सूची

कुलाब्यातील वेध सुरू झाले त्याच काळात जर्मनीत हाइनरिख श्वाबे हे हौशी ज्योतिषी सूर्यावरील डाग मोजीत होते. १८२६ पासून जवळजवळ प्रत्येक निरभ्र दिवशी त्यांनी सूर्य पाहिला आणि १८४३ मध्ये डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या अवधीने कमीजास्त होते असे जाहीर केले. पुढील संशोधनाने हा अवधी सरासरीने अकरा वर्षांचा ठरला. १८५१ मध्ये म्युनिकच्या लामाँट यांनी चुंबकसूचीच्या दैनिक हालचालीतही दहा-साडेदहा वर्षांचा चढउतार दिसतो असे दाखविले. १८५२ मध्ये एडवर्ड सॅबिन यांनी टोरांटो व होबार्ट येथील नोंदींवरून चुंबकीय क्षोभांचा चढउतार व डागांचा चढउतार एकमेकांशी जुळतात असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी वोल्फ व गोतिए हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षास पोहोचले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सूची सूर्याचे चुंबकीय क्षेत्र प्रत्यक्ष मोजीत नाही. सूर्याचे क्षेत्र पृथ्वीपर्यंत पोहोचते तेव्हा ते इतके क्षीण झालेले असते की साध्या चुंबकाला त्याची जाणीव होणे शक्य नाही. सूची मोजते ते त्याचे परिणाम, आणि हे परिणाम दोन प्रकारचे असतात. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे पृथ्वीच्या उच्च वातावरणात विद्युद्भारित थर निर्माण होतो. त्यात वाहणाऱ्या प्रवाहांमुळे सूची दररोज सूर्याबरोबर थोडी हलते. डाग अधिक असतात त्या वर्षी ही दैनिक हालचालही अधिक असते. हा पहिला, शांत प्रकार होय. दुसरा प्रकार वादळाचा. सूर्यापासून सुटलेला विद्युद्भारित वायूंचा लोट आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्र वाहून आणतो आणि ते क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याची जोडणी होऊन पृथ्वीभोवती प्रचंड प्रवाह सुरू होतात. अशा वेळी कुलाब्यासारख्या विषुववृत्ताकडील ठिकाणी क्षितिजसमांतर बल झपाट्याने उतरते आणि मग कित्येक तासांनी, कधी दिवसांनी, सावकाश पूर्ववत होते. हे स्पष्टीकरण विसाव्या शतकातील आहे. १८५२ मध्ये दोन आलेखांचे साम्य तेवढे हाती होते. त्याचे कारण कोणासही ठाऊक नव्हते.

३. २ सप्टेंबर १८५९

त्या साम्याची सर्वांत तीव्र साक्ष १८५९ मध्ये मिळाली. १ सप्टेंबर रोजी ग्रिनिचच्या वेळेनुसार सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना डागांच्या एका मोठ्या समूहावर अचानक दोन शुभ्र, तेजस्वी ठिपके दिसले. काही मिनिटांत ते विझले. हॉजसन यांनीही तेच स्वतंत्रपणे पाहिले. दुसऱ्या दिवशी, शुक्रवार २ सप्टेंबर रोजी, जगभरच्या सूची खवळल्या, तारायंत्रे बिघडली आणि उष्ण कटिबंधाच्या सीमेपर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. युरोप-अमेरिकेतील अनेक यंत्रांची मोजपट्टी अपुरी पडून त्यांच्या नोंदी तुटल्या. कुलाब्याची नोंद टिकली. सकाळी नऊच्या पुढे तेथे क्षोभास आरंभ झाला आणि मुंबईच्या स्थानिक वेळेनुसार अकराच्या सुमारास क्षितिजसमांतर बल इतके उतरले की तशी उतरण त्यानंतरच्या दीड शतकाहून अधिक काळात फार क्वचित, कदाचित कधीच, दिसली नाही. वेधशाळेचे प्रमुख भारतीय आरमारातील अधिकारी फर्गसन हे होते. नेहमीच्या तासातासाच्या वेधांखेरीज मधल्या मिनिटांचे वेधही त्या दिवशी घेतले गेले आणि त्या वर्षाच्या इतर आकड्यांबरोबर ते छापले गेले.

छापल्यानंतर हे आकडे जवळजवळ विसरले गेले. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी व गोंझालेस यांच्यासमवेत भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लाखिना व अ‍ॅलेक्स यांनी ते पुन्हा अभ्यासकांपुढे ठेवले. कुलाब्याची उतरण सुमारे १६०० नॅनोटेस्ला, म्हणजे तेथील क्षितिजसमांतर बलाच्या सुमारे चार टक्के, असल्याचे त्यांनी दाखविले. यावर वाद झाला. एका ठिकाणची, दिवसा घेतलेली आणि थोड्या मिनिटांची ही उतरण सबंध पृथ्वीवरील वादळाचे माप म्हणून धरावी काय, हा त्यातील मुख्य प्रश्न होता. २०२२ मध्ये हिसाशी हायाकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५९ चे मूळ छापील वार्षिक शोधून पुनर्गणना केली. त्यात एक विसंगती उघड झाली. तासाच्या वेधानुसार उतरण १६९१ नॅनोटेस्ला येते, तर मधल्या मिनिटांच्या वेधांनुसार १२६३ नॅनोटेस्ला येते. ताशी सरासरी काढून व आवश्यक त्या दुरुस्त्या करून सर्व पृथ्वीसाठी काढलेला अंदाज ९०० ते १००० नॅनोटेस्लाच्या दरम्यान राहतो. तुलनेसाठी सांगावयाचे तर मे २०२४ मधील मोठ्या वादळाचे तेच माप सुमारे ४०० नॅनोटेस्ला होते.

ही विसंगती कुलाब्यास उणेपणा आणणारी नाही. सूची वेगाने हलत असता दुर्बिणीतून आकडा टिपणाऱ्या माणसाची अडचण तीत प्रतिबिंबित झाली असणे संभवनीय आहे. मात्र दोन्ही प्रकारचे आकडे जसेच्या तसे छापले गेले. त्यांपैकी एक दुसऱ्याशी जुळवून घेतला गेला नाही. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्यास याचे मोल सांगावयास नको. लेखनिकाने पाठ सुधारला असता तर १६३ वर्षांनंतर प्रश्न विचारण्यासही आधार उरला नसता.

४. केल्व्हिन यांचा आक्षेप आणि मूस यांचे ग्रंथ

सूर्य आणि सूची यांचा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सर्वमान्य नव्हता. १८९२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून लॉर्ड केल्व्हिन यांनी या संबंधाविरुद्ध निकाल दिला. १८८५ मधील एका चुंबकीय वादळाचे गणित करून, सूर्याने चुंबक म्हणून इतक्या दूरवर असा परिणाम घडवावयाचा तर त्यासाठी लागणारी ऊर्जा अशक्यप्राय ठरते असे त्यांनी दाखविले आणि डागांचा व वादळांचा मेळ हा केवळ योगायोग असावा असे मत दिले. त्यांचे गणित बरोबर होते. चूक गृहीतकात होती. सूर्य दूर राहून चुंबकासारखा ओढीत नाही, तो पदार्थच पाठवितो, हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

अशा परिस्थितीत आकडे गोळा करीत राहणे हेच योग्य उत्तर होते. १८९६ मध्ये कुलाब्याच्या वेधशाळेचे प्रमुखपद नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्याकडे आले. हे पद भूषविणारे ते पहिले भारतीय होत. त्यांचा जन्म १८५९ चा, म्हणजे त्या महावादळाच्याच वर्षातला. त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या सर्व चुंबकीय वेधांची छाननी करून १९१० मध्ये त्यांचे दोन मोठे खंड प्रसिद्ध केले. शांत व अशांत दिवसांचे हिशेब वेगळे करून त्यांनी वादळांचा सांख्यिकी अभ्यास केला. सिडनी चॅपमन यांनी पुढील दशकात वादळांचे जे सामान्य स्वरूप मांडले, त्यास या सामग्रीचा उपयोग झाला. साठ वर्षे म्हणजे डागांची सुमारे साडेपाच चक्रे होत. एवढा काळ एकाच जागी घेतलेल्या वेधांची अशी एकहाती चिकित्सा उष्ण कटिबंधात त्यापूर्वी झालेली नव्हती.

याच काळात पुण्यास सूर्याचा अभ्यास दुसऱ्या अंगाने चालू होता. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये उभारलेल्या वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून पाहिले व त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ग्रहणकाळी दिसणारे सूर्याचे किरीट डागांच्या चक्राबरोबर आकार बदलते. डाग कमी असताना त्याचे पंख विषुववृत्ताच्या दिशेने लांब पसरतात आणि ध्रुवांवर पिसाऱ्यासारख्या रेषा दिसतात. डाग भरात असताना ते सर्व बाजूंनी गोल दिसते. लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरावा तशा त्या ध्रुवीय रेषा पाहून सूर्य हा चुंबक असावा अशी कल्पना काहींना सुचली होती. परंतु ती कल्पनाच होती. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकॅनॉलच्या सौर वेधशाळेत गेली.

५. ट्राम, आगगाडी आणि अलिबाग

दरम्यान मुंबई शहर वाढत होते. १८७४ पासून घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ट्राम विजेवर चालविण्याचा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी पक्का होऊ लागला. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जातो आणि त्याचा काही अंश जमिनीत झिरपतो. प्रत्येक गाडी निघताना व थांबताना तो बदलतो आणि त्याबरोबर आसपासचे चुंबकीय क्षेत्रही हलते. दिवसाकाठी थोड्या नॅनोटेस्लांचे फरक मोजणाऱ्या सूचीस हे शेजार घातक होते. युरोपातील कित्येक जुन्या चुंबकीय वेधशाळांवर अशीच वेळ आली होती.

मूस यांनी वेळीच दुसरी जागा शोधली. मुंबईच्या दक्षिण-आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटरवर, समुद्रापलीकडे, अलिबाग येथे १९०४ मध्ये नवी वेधशाळा उभी राहिली. बांधकामासाठी पोरबंदरचा अचुंबकीय दगड आणण्यात आला. मुंबईत विजेची ट्राम मे १९०७ मध्ये धावू लागली, म्हणजे त्याआधी तीन वर्षे अलिबागचे काम सुरू झालेले होते. या स्थलांतराचा सर्वांत शहाणपणाचा भाग असा की कुलाब्याचे वेध लगेच थांबविले गेले नाहीत. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. त्यामुळे दोन्ही जागांमधील नेहमीचा फरक कळला आणि जुन्या मालिकेस नवी मालिका जोडता आली. दोन प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्याखेरीज एकीतील खंडित भाग दुसरीवरून भरता येत नाही; हा त्याच न्यायाचा प्रयोग होय.

मुंबईच्या उत्तरेस साष्टीत सरकणे हा पर्याय त्या वेळी सोपा वाटला असता. तेव्हा अंधेरी, जोगेश्वरी, मालाड ही विरळ वस्तीची गावे होती. परंतु तो पर्याय फार काळ टिकला नसता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची आगगाडी सुरू झाली आणि ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली हा मार्गही विजेवर चालू लागला. १५०० व्होल्टच्या सरळ प्रवाहाची ही वाहिनी एका टोकास जुन्या वेधशाळेच्या शेजारच्या स्थानकापासून निघून जोगेश्वरीवरून बोरिवलीस जात होती. म्हणजे जुनी जागा आणि उत्तरेकडील संभाव्य जागा या दोन्ही एकाच तारेखाली आल्या. ट्रामपासून सुटण्यासाठी जोगेश्वरीच्या परिसरात गेलेल्या वेधशाळेस वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा हलावे लागले असते. मधे समुद्र ठेवण्याच्या निर्णयाने मालिकेचे आयुष्य वाढले.

६. सूर्याच्या ध्रुवांची अदलाबदल

अलिबागच्या सूचीने लेखन पुढे चालविले तेव्हा दूरच्या एका पर्वतावर त्या लेखनाच्या वाचनास प्रारंभ झाला. झेमान यांनी १८९६ मध्ये असे शोधून काढले होते की प्रबळ चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातील रेषा दुभंगतात. १९०८ मध्ये जॉर्ज एलरी हेल यांनी माउंट विल्सनवरून सौरडागांच्या वर्णपटात हीच दुभंगलेली रेषा पाहिली. डागांतील क्षेत्र दोन-तीन हजार गाउसचे, म्हणजे पृथ्वीवरील क्षेत्राच्या हजारो पट, निघाले. पृथ्वीबाहेर चुंबकीय क्षेत्र सिद्ध होण्याचा हा पहिला प्रसंग होय.

डाग प्रायः जोडीने येतात. एक पुढे असतो, दुसरा मागे. आणि त्यांची ध्रुवता परस्परविरुद्ध असते. उत्तर गोलार्धात पुढील डाग ज्या ध्रुवतेचा असेल त्याच्या उलट ध्रुवतेचा तो दक्षिण गोलार्धात असतो. १९१३ च्या सुमारास नवे चक्र सुरू झाले तेव्हा हा सबंध क्रम उलटा झाल्याचे हेल व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. १९१९ मध्ये त्यांनी तो नियम मांडला आणि पुढील चक्रात क्रम पुन्हा उलटल्यावर १९२५ मध्ये त्याची पुष्टी झाली. डाग अकरा वर्षांनी परत येतात, पण चुंबकत्व मूळ स्थितीस यावयास बावीस वर्षे लागतात.

सूर्याच्या ध्रुवांवरील क्षेत्र काही थोड्या गाउसचे असल्यामुळे ते मोजण्यास आणखी तीन-चार दशके लागली. हॅरल्ड व होरेस बॅबकॉक या पितापुत्रांनी १९५० नंतर तयार केलेल्या नव्या उपकरणाने ते शक्य केले. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, डागांचे आजवर नोंदले गेलेले सर्वांत प्रबळ चक्र भरात असताना, त्यांना पुढील घटना दिसली. सूर्याच्या दक्षिण ध्रुवाची ध्रुवता १९५७ च्या मध्यास पालटली. उत्तर ध्रुवाची नोव्हेंबर १९५८ मध्ये. मधले वर्षभराहून अधिक काळ दोन्ही ध्रुव एकाच चिन्हाचे होते. पृथ्वीच्या ध्रुवांची शेवटची अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली आणि अशा जुन्या अदलाबदलींचा पुरावा दख्खनच्या काळ्या पाषाणासारख्या खडकांत शोधावा लागतो. सूर्य तेच काम एका माणसाच्या नोकरीच्या काळात तीनदा करतो.

या घटनेचे कारण होरेस बॅबकॉक यांनी १९६१ मध्ये मांडले व लेटन यांनी ते विकसित केले. डाग अत्यल्प असताना सूर्याचे क्षेत्र साध्या दंडचुंबकासारखे, एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जाणारे असते. परंतु सूर्य घन नाही. त्याचा विषुववृत्ताकडील भाग सुमारे २५ दिवसांत, तर ध्रुवांकडील भाग सुमारे ३५ दिवसांत फिरतो. या असमान गतीमुळे पृष्ठभागाखालील बलरेषा ताणल्या जाऊन पूर्व–पश्चिम गुंडाळल्या जातात व तीव्र होतात. त्यांचे वळसे पृष्ठभागाबाहेर आले की तेथे डागांची जोडी दिसते. प्रथम तीस-पस्तीस अंश अक्षांशांवर आणि चक्र पुढे जाईल तसतशी विषुववृत्ताच्या जवळ. जोडीतील मागील डाग ध्रुवाकडे किंचित अधिक असतो. दोन्ही गोलार्धांतील पुढील डागांची विरुद्ध क्षेत्रे विषुववृत्तावर एकमेकांस मारक ठरतात. मागील डागांचे विखुरलेले क्षेत्र मंद प्रवाहांबरोबर ध्रुवाकडे वाहत जाते. ते जुन्या ध्रुवीय क्षेत्राच्या विरुद्ध असल्यामुळे प्रथम त्यास नष्ट करते आणि नंतर त्याची जागा घेते. डागांची संख्या सर्वाधिक असते त्या सुमारास ध्रुव पालटतात. आणि त्यानंतर ध्रुवांवर साचलेले नवे क्षेत्र हेच पुढील चक्राचे बीज ठरते.

७. जुन्या नोंदींचे नवे वाचन

येथे कुलाबा–अलिबागच्या आकड्यांना पूर्वी नसलेला अर्थ प्राप्त होतो. ध्रुवीय क्षेत्राचे प्रत्यक्ष मापन १९५० नंतरचे आहे. त्यापूर्वीची चक्रे कशी होती हे त्या मापनातून कळू शकत नाही. परंतु डागांच्या मंदीच्या काळात सूर्याच्या ध्रुवीय भागांतून निघणारे वेगवान वारे पृथ्वीस अधूनमधून लागतात आणि सूची त्यांची नोंद करते. रशियन अभ्यासक ओल यांनी १९६६ मध्ये असे दाखविले की मंदीच्या वर्षांत सूची जितकी अस्वस्थ, तितके पुढील डागचक्र प्रबळ. डाग नाहीसे झाले असता सूर्य शांत आहे असे डोळ्यास वाटते. सूची मात्र त्याच वेळी पुढील अकरा वर्षांचे बीज किती मोठे आहे ते सांगत असते. त्याच वर्षी चेर्नोस्की यांनी भूचुंबकीय क्षोभांत बावीस वर्षांची लयही दाखविली: सम व विषम क्रमांकाच्या चक्रांत क्षोभ निरनिराळ्या अर्धात अधिक असतात. सूर्याच्या क्षेत्राची दिशा ही सूचीच्या नोंदीत अप्रत्यक्षपणे उमटलेली आहे, याचा हा पुरावा होय.

अर्थात या वाचनास मर्यादा आहेत. सूचीवरून सूर्याचे क्षेत्र काढणे हे अनुमान आहे, मापन नव्हे. आणि एका ठिकाणच्या नोंदींवरून सर्व पृथ्वीविषयी बोलताना काय धोका असतो हे १८५९ च्या वादाने दाखविले आहे. म्हणून दुसऱ्या साक्षीदारांचीही गरज पडते. कोडाईकॅनॉल येथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून घेतलेली सूर्याची छायाचित्रे अशी साक्ष देतात. कॅल्शियमच्या प्रकाशात घेतलेल्या त्या चित्रांत ध्रुवांजवळील तेजस्वी जाळी क्षेत्राच्या प्रमाणात दिसते, आणि तिच्यावरून अलीकडे मागील शतकातील ध्रुवीय क्षेत्राचे चढउतार काढण्यात आले आहेत. काचेच्या या पट्ट्या ज्यांनी घेतल्या त्यांनाही त्या पुढे कशासाठी वाचल्या जातील याची कल्पना नव्हती.

अलिबागची वेधशाळा १९७१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आली आणि तेथील वेध आजही चालू आहेत. संस्थेचे मुख्य केंद्र पुढे कुलाब्याहून नव्या पनवेलला गेले. २०२३ मध्ये भारताने सूर्याच्या अभ्यासासाठी आदित्य-एल१ हे यान सोडले. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली, आणि सूर्याकडून येणारे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर अंतरावर मोजणारे उपकरणही त्यावर आहे. यान सोडण्याचा दिवस २ सप्टेंबर होता, म्हणजे कुलाब्यातील त्या सकाळीस त्या दिवशी बरोबर १६४ वर्षे झाली. कुलाब्यात ज्याचे परिणामच तेवढे टिपता आले, ते क्षेत्र आता वाटेतच मोजले जाते.

तथापि यानाचे आयुष्य थोड्या वर्षांचे असते आणि सूर्याचे एक चुंबकीय चक्र बावीस वर्षांचे. एखादा अभ्यासक आपल्या सेवाकाळात असे एक पूर्ण चक्र पाहतो. फार तर दुसऱ्याचा अर्धा भाग. यामुळे या विषयात व्यक्तीच्या बुद्धीइतकेच संस्थेचे सातत्य महत्त्वाचे ठरते. ऑर्लेबार, छत्रे, फर्गसन व मूस यांपैकी कोणालाही आपण सूर्याच्या ध्रुवांविषयी लिहीत आहोत हे माहीत असण्याचा संभव नव्हता. त्यांनी वेळ चुकविली नाही, विसंगत आकडा बदलला नाही आणि जागा सोडावी लागली तेव्हा दोन वर्षे दोन्हीकडे लिहिले. वाचक नंतर आला, आणि तो आला तेव्हा पाठ शाबूत होता.